बोटीवाचून पाहिलेलं बेट

परतूरच्या स्टँडवर रिक्षा केली आणि नदीवर चल म्हणाले, तर रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "नदी कुठं राह्यली आता," तो म्हणाला. "समदं पाणीच हाय."

खालच्या अंगाला धरण झालं, त्याचं पाणी मागे मागे सरकत आमच्या शिवारापर्यंत आलं, गाव उठून माळावरच्या पत्र्याच्या घरांत गेलं, हे सगळं मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि काठाशी येऊन उभं राहणं वेगळं. ज्या पांदीच्या वाटेने आम्ही मेंढरं घेऊन उतरायचो, ती पांदच पाण्यात शिरली होती. दहा पावलं दिसत होती, मग दिसेनाशी झाली. वाळक्या बाभळी कमरेइतक्या पाण्यात उभ्या होत्या आणि त्यांच्यावर पाणकावळे पंख उघडून बसले होते. वासही ओळखीचा नव्हता. आमच्या दुधना नदीला तापलेल्या वाळूचा, लव्हाळ्याचा आणि मेंढरांच्या लेंड्यांचा मिळून एक वास असायचा. इथे शेवाळाचा जड, थंड वास होता.

सोबत आत्या होती. सुमनआत्या, माझ्या वडिलांची सगळ्यांत धाकटी बहीण. पन्नाशीला टेकली आहे, पण एका जागी उभी राहील तर शपथ. कपाळावर हात धरून ती काठाने इकडून तिकडे फिरत होती आणि पाण्यात बघत होती. ती काय शोधते आहे ते मला विचारावं लागलं नाही.

गावात त्याला 'मधलं' म्हणायचे. दुधनेच्या पात्रात मधोमध एक लांबट काळा खडक होता. नदी त्याला दोन्ही अंगांनी वळसा घालून जायची. उन्हाळ्यात एका अंगाची धार आटून जायची, दुसऱ्या अंगाची घोट्याएवढी राहायची. खडकाच्या खाचेत पुराने आणलेली माती साचली होती आणि त्या मातीत करंजाची तीन झाडं वाढली होती. चैत्रात त्यांची फुलं लाह्यांसारखी खडकावर सांडायची, आणि तापलेल्या खडकावर त्या फुलांचा कडवट गोडसर वास दिवसभर भाजत राहायचा. तिथे आम्ही दोघींनी एक अख्खं वर्ष काढलं. मी तेव्हा आठवीत होते आणि आत्या बावीस वर्षांची.

आमचे आजोबा मेंढरं घेऊन मुलुख हिंडलेले. वडिलांनी जमीन धरली, कापूस आणि ज्वारी लावली, पण चाळीसएक मेंढरं ठेवली होती. ती नदीला न्यायचं काम आत्याकडे आलं होतं, कारण आत्या माहेरी आली होती. तिच्या नवऱ्याचं नाव रंगनाथ. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात, म्हणून मीही त्यांना मामा म्हणायची. लग्नाला वर्ष झालं आणि रंगनाथमामा मुंबईला गेले, तिथल्या कुठल्याशा हॉटेलात भांडी घासली, आणि तिथून एका मोठ्या बोटीवर स्वयंपाकघरात लागले. का गेले, कुणाशी भांडून गेले का, ते आमच्या घरात कुणी बोलत नसे. सासरच्यांनी, तो येईपर्यंत तिकडंच राहू द्या, असा निरोप देऊन आत्याला धाडून दिलं. ती एक पत्र्याची पेटी घेऊन आली आणि त्या दिवसापासून तिचे पाय घरात ठरेनात. भाकरी तव्यावर टाकून अंगणात जायची. अंगणातून गोठ्यात, गोठ्यातून वेशीपर्यंत. आई म्हणायची, ह्या पोरीच्या तळव्याखाली निखारा ठेवलाय कुणीतरी.

मग एक जाड पाकीट आलं. त्यावरची तिकिटं पाहायला पोस्टमनच आमच्या ओट्यावर तासभर बसला. आत चार ओळींचं पत्र होतं आणि एक रंगीत, गुळगुळीत पुस्तक. पत्र वडिलांनी मोठ्याने वाचलं. मामांनी लिहिलं होतं की मी खुशाल आहे, बोट फार मोठी आहे, इकडचा समुद्र निळा आहे, बाकी सगळं आल्यावर सांगतो. कधी येणार ते लिहिलं नव्हतं.

पुस्तक कॅरिबियन बेटांपैकी एका बेटाचं होतं. रेडिओवर क्रिकेट लागलं की ज्यांच्या नावाने गावातली पोरं ओरडायची, तो हा मुलुख, एवढंच वडिलांना सांगता आलं. त्या पुस्तकाला एक वास होता. तळणाच्या तेलाचा, साबणाचा आणि आणखी कशाचा तरी. आत्या म्हणायची, तो समुद्राचा वास आहे. आमच्यापैकी कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळे कुणी नाही म्हटलं नाही.

मजकूर सगळा इंग्रजी होता. घरात इंग्रजी शिकणारी मी एकटी. परतूरच्या शाळेतून मी शब्दकोश मागून आणला, आणि मेंढरं मधल्याच्या सावलीत बसली की आम्ही दोघी पुस्तक उघडायचो. बरीचशी पानं चित्रांचीच होती. एका पानावर मात्र ठळक मथळा होता आणि त्याखाली आठ गोष्टी. तो मथळा लावायला मला दोन दुपारी लागल्या. शेवटी मी शाळेतल्या भाषेत सांगितलं, "नौकाविहाराव्यतिरिक्त करण्याजोग्या गोष्टी."

"नौकाविहार म्हंजी?"

"बोटीत बसून फिरणं. ते सोडून बाकीचं काय काय करता येतं, ते लिहिलंय."

आत्याने नदीकडे पाहिलं. घोट्याएवढी धार खडकावरून खळखळत होती. "बोट तर आपल्याकडं न्हाईच," ती म्हणाली. "मंग बाकीचं करू. तो आला की म्हणंल, मी हे बघितलं, ते बघितलं. आपुनबी सांगू."

असं ते सुरू झालं.

पहिली गोष्ट होती, उंच टेकडीवर चढून बेट न्याहाळा. आम्ही गावामागच्या बिरोबाच्या टेकडीवर दिवस उगवायच्या आत चढलो. वर वारा असा की पदर धरवेना. खाली ज्वारीची काढलेली रानं, वाकडी नदी, नदीत करंगळीएवढं मधलं, आणि दूर परतूरकडे जाणारी छोटी आगगाडी, धुराचं शेपूट सोडत. आत्या गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "झालं. दुसरं काय हाय?"

दुसरं होतं, रंगीत मासे पाहणं. त्यासाठी डोळ्यांना काच लावून पाण्यात उतरायचं असतं, हे चित्रावरून समजलं. आम्ही कंदिलाची काच नेली, डोहात धरली, आणि तिच्यातून पाहिलं. रंगीत कुठले, पण रुपेरी, बोटभर लांबीचे मासे पोटं लखलखवत वळायचे. आत्या तास तास वाकून राहायची. तिच्या वेणीचं टोक पाण्यात तरंगायचं आणि मासे ते टोचायला यायचे.

मसाल्याच्या बागांत फेरी मारा, असं तिसरं. हिवाळ्यात आम्ही शेजारच्या रानातल्या कोथिंबिरीच्या फुलांतून चाललो, ओव्याचे घोस हातात चुरले, बडीशेप चावली. घरी आलो तरी लुगड्याला आणि माझ्या परकराला तो वास होता, आणि आई विचारत राहिली की तुम्ही दोघी कुणाच्या लग्नाला गेल्ता. बाजार पाहा, असं चौथं. परतूरचा आठवडी बाजार आम्ही जन्मापासून पाहत होतो, पण त्या दिवशी आत्या असा बाजार हिंडली की जणू बोटीतून आताच उतरली आहे. बांगडीवाल्याला विचारलं, ह्या कुठनं येत्यात. मिरचीवाल्याला विचारलं, कुठल्या गावची. काहीही घेतलं नाही, नुसतं विचारत राहिली. किनाऱ्यावर खेकडे भाजून खाणं आम्हाला शिकवायची गरज नव्हती. कपारीतून खेकडे काढायचे, वाळल्या काटक्यांवर टाकायचे, वर मीठ आणि कांदा. झाडांना कापडी झोळी टांगून पडणंही जमलं. वडिलांचं जुनं धोतर दोन करंजांना बांधलं. त्यात आत्या पडायची आणि दोन मिनिटांत उठायची. तुला पड म्हणायची. मी पडले की मलाही उठवायची.

सातवं होतं ढोलांचं. चित्रात माणसं लोखंडी पिंपांचे तळ काठ्यांनी वाजवत होती. रस्त्याच्या कामावरची डांबराची दोन रिकामी पिंपं ओढ्याकडेला पडून होती. ती आम्ही गडगडत मधल्यावर आणली आणि बाभळीच्या काठ्यांनी वाजवली. कडेला मारलं की एक आवाज, मधोमध मारलं की दुसरा. आत्याचा हात एकदा लागला की थांबेना. डांबराचा काळा वास, तिच्या कपाळावरचा घाम, खडकावर दणाणून परत येणारा आवाज. मेंढरं उधळून पार पलीकडच्या काठाला गेली. रानातून वडील धावत आले, त्यांना वाटलं लांडगा आला. काय चाललंय ते पाहिल्यावर ते मेंढरं गोळा करायला लागले. ते पाहून आत्याचा हात थांबला.

आणि आठवं, घोड्यावर बसून पाण्यातून फिरा. हे यादीत शेवटचं, पण मसाल्यांच्या आधीच झालं. पावसाळा संपता संपता दक्षिणेकडून आलेल्या फिरत्या मेंढपाळांचा एक मोठा वाडा आमच्या शिवारात तळ टाकून उतरला. त्यांच्याकडे बिऱ्हाड वाहायचं एक भुरं तट्टू होतं. आत्याने त्यांच्या म्हातारीशी दोन दिवस गोडीगुलाबीने बोलून ते मागून घेतलं. कासोटा घातलेलाच होता. टांग टाकून ती बसली आणि मांडीपर्यंतच्या पाण्यातून मधल्याला तीन वेढे घातले. तट्टू फुरफुरत होतं, पाणी उडत होतं, आणि आत्या हसत नव्हती. मला तेच लख्ख आठवतं. तिचं तोंड असं होतं, जणू तिला कुठेतरी पोचायचं आहे आणि उशीर झाला आहे. काठावर धुणं धुणाऱ्या बाया हात थांबवून बघत होत्या. दुपारपर्यंत ते सगळ्या गावाला माहीत झालं. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणाले, नवऱ्याच्या नावानं काय काय करायलीस तू, सुमे.

आठ गोष्टी झाल्या. पण पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. आत्याचं बोट रोज त्या ओळीवर यायचं. मी शब्द शब्द कोशात पाहिला. सगळे सापडले, पण जुळेनात. कोशातला अर्थ एकीकडे जायचा, वाक्य दुसरीकडे. मी उद्या सांगते म्हणायची. असे पंधरा दिवस गेले. मग एका संध्याकाळी, मेंढरं उठून घराकडे तोंड करून उभी होती आणि आत्या मात्र बसूनच होती. तिने पुन्हा विचारलं. मी तिच्याकडे पाहिलं. उन्हाने रापलेला, ओठ फुटलेला, वाट पाहून कोरडा झालेला चेहरा. मी पुस्तक हातात घेतलं आणि वाचल्यासारखं करून म्हणाले, "ह्या बेटावर येऊन गेलेला माणूस आपल्या माणसाकडे परत जातोच, असं लिहिलंय."

पुस्तक माझ्या हातून घेऊन तिने ती ओळ पाहिली, बोटाने चाचपली, आणि उठून मेंढरांना हाळी दिली. तिच्या आवाजात त्या दिवशी जे होतं ते मी अजून विसरलेले नाही.

दुसऱ्या वर्षी, कापसाच्या दिवसांत, वडिलांनी परतूरहून एक माणूस आणला. त्यांचं नाव मारुतराव. जिनिंगमध्ये कामाला होते, बायको वारून दोन वर्षं झाली होती. रंगनाथकडून काडीमोड घ्यायची, जातपंचांना सांगायचं आणि पाट लावायचा, असं वडिलांच्या मनात होतं. मारुतराव आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर आणि कानांच्या पाळ्यांवर कापसाची लव होती. ती त्यांना ठाऊकही नसावी. ओट्यावर बसले, चहा घेतला, जवळ आलेल्या कोकराच्या लोकरीत गोखरू अडकलं होतं ते बोलता बोलता काढून टाकलं. आत्या समोर आल्यावर त्यांनी तिला एवढंच विचारलं, "तुमाला ही मेंढरं, नदी सोडून परतुरात करमंल का?"

असं काही तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. लग्नाच्या वेळीही नाही. तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, ही आता हो म्हणेल. दाराच्या चौकटीला धरून मी मनात म्हणत होते, हो म्हण.

"करमलं असतं," ती म्हणाली. "पन आमचं माणूस परत येणार हाय. तसं लिहूनच आल्यालं हाय."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. ते पुस्तक मीच वाचलं होतं, हे त्यांना माहीत होतं. तेव्हा बोलायला पाहिजे होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी चौकटीवरचा चुना नखाने खरवडत राहिले. मारुतराव थोडा वेळ बसून गेले. पुढच्या वैशाखात त्यांनी सेलूची बायको केली, असं ऐकलं.

दहावीनंतर मी जालन्याला शिकायला आले. मुलीला एकटी कशी ठेवायची, म्हणून स्वयंपाकाला आत्या सोबत आली. जुन्या जालन्यात धान्याच्या दुकानांवर आम्हाला एक खोली मिळाली. खाली दिवसभर पोती आपटायची, गुळाच्या ढेपा फुटायच्या, आणि लाकडी जिन्यातून गुळाचा, मिरचीचा आणि ओल्या पोत्याचा वास वर चढायचा. महिनाभरात आत्याने एमआयडीसीत बियाणांच्या कारखान्यात काम धरलं. तिथे बाया ओळीने बसून बी निवडायच्या, खोटं बी बाजूला काढायच्या. औषध लावलेल्या बियांचा गुलाबी रंग तिच्या बोटांना बसला तो कायमचा. त्या बोटांनी भाकरी थापली की मला वाटायचं, भाकरीला रंग लागेल. कधी लागला नाही. रोलिंग मिलच्या भट्ट्यांचा धूर पार करून ती टेंपोतून यायची, येताच म्हणायची, चल जरा फिरून येऊ. आम्ही स्टेशनपर्यंत जायचो, गाडी येऊन जायची, आम्ही परत. तीन वर्षांत तिने त्याच धान्याच्या गल्लीत तीन खोल्या बदलल्या. प्रत्येक वेळी सासरच्या पत्त्यावर आणि गावी कळवलं की आता आम्ही इथे आहोत.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी कधीतरी ते पुस्तक तिच्या पेटीतून काढून मी तळाची ओळ वाचली. आता ती सहज लागली. लिहिलं होतं की रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा खरेदी शनिवारीच उरकून घ्यावी.

मी पुस्तक होतं तसं ठेवलं. त्यानंतर रात्रीचं जेवण तिच्यासमोर बसून करणं मला जड जायचं. अभ्यासाचं निमित्त काढून मी ताट घेऊन खिडकीशी जायची.

रंगनाथमामा आले ते एका दुपारी. भादवा असावा, कारण खाली दुकानदार उन्हात मूग पसरत होते. जिन्यावर जड पावलं वाजली आणि दारात एक सुटलेल्या पोटाचा, डोक्यावर विरळ केस राहिलेला माणूस सुटकेस धरून उभा राहिला. सात वर्षं झाली होती. आत्याने त्यांना ओळखायला क्षणही घेतला नाही. पाणी दिलं, पाय धुवायला तांब्या दिला, पिठलं टाकलं. तिचा हात भराभर चालत होता. मामा खाटेवर बसून खोली पाहत होते. बोलण्यात मुंबईचं हिंदी मिसळलेलं. म्हणाले, बोटीवरनं सुट्टीला आलोय, मुंबईत खोली बघितलीय, तुला न्यायला आलो.

ते जेवले. मग आत्या त्यांच्यासमोर भुईवर बसली आणि तिने विचारायला सुरुवात केली. टेकडीवरून बेट कसं दिसतं. ते ढोल कसे वाजतात. घोडा पाण्यात किती खोल जातो. मसाल्याच्या बागेत चालताना वास कपड्यांना लागतो का. इतकी वर्षं साठवलेलं ती एकामागून एक काढत होती आणि मामांचा चेहरा गोंधळत चालला होता.

"कुठलं बेट?"

आत्याने पेटीतून पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंपालटं केलं आणि मग त्यांना आठवलं.

"हे व्हय. हे पाशिंजराच्या खोलीत पडल्यालं. झाडूवाल्या पोऱ्यानं दिलं मला. चित्रं चांगली व्हती म्हून धाडलं." त्यांनी पुस्तक मिटलं. "मी कुठं उतरलो तिथं. बोट सकाळी लागायची, सांजच्याला निघायची. आमी खाली भांड्यात. सात वर्षांत मी कुठंच उतरलो न्हाई. खिडकीबी नव्हती आमाला."

खाली कुणीतरी सुपाने मूग पाखडत होतं, तो आवाज तेवढा येत राहिला. आत्याने पुस्तक परत घेतलं, ते पान काढलं आणि तळाच्या ओळीवर गुलाबी बोट ठेवलं. "पन हे तरी खरं झालं," ती म्हणाली. "तुमी आलात."

मला तिथून उठून जाता आलं असतं. कॉलेजला उशीर झाला म्हणता आलं असतं. पण मामा विचारत होते, काय लिवलंय त्यात, आणि आत्या माझ्याकडे पुस्तक धरून म्हणत होती, वाच. मी वाचलं. जे होतं ते. रविवार, दुकानं, शनिवार. मग मीच म्हणाले, "मी तेव्हा मनचं सांगितलं होतं, आत्या. मला येत नव्हतं."

मामांना हसू आलं. वाईट हेतूने नव्हे, माणसाला अवघडल्यावर येतं तसं. आत्या हसली नाही, रडली नाही. ती उठली, पुस्तक पेटीत ठेवलं आणि कामावर जायचा रुमाल डोक्याला बांधला. दारात वळून मामांना म्हणाली, "मी ते समदं केलं. चढले, फिरले, घोड्यावर बसले. तुमी तिथं जाऊन काहीच बघितलं न्हाई. आपलं आता काय जमायचं?" आणि जिना उतरून टेंपो पकडायला गेली.

मामा तीन दिवस एका नातेवाइकाकडे राहिले. वडील आले, चार माणसं बसली, रीतीने काडीमोड झाली. जाताना मामा मला म्हणाले, तिला सांग, मी वाईट माणूस न्हाई. मी सांगितलं नाही, कारण आत्या माझ्याशी बोलत नव्हती.

दीड वर्ष ती माझ्याशी बोलली नाही. सकाळी डबा भरून उंबऱ्याशी ठेवायची. कधी चुकला नाही. मेथी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, सणाला पोळी. आजारी पडले तेव्हा रात्रभर कपाळावर पट्ट्या बदलल्या, पण तोंडातून शब्द नाही. त्या खोलीत दोघींची पावलं तेवढी वाजायची. माझी परीक्षा झाली, अंबडला शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली, आणि मी सामान बांधत होते त्या सकाळी ती गादीच्या वळकटीवर येऊन बसली.

"तू खरं वाचलं असतंस, तर मी त्या जिनिंगवाल्याशी पाट लावला असता," ती म्हणाली. "चांगला व्हता तो."

"हो."

"मंग मी जालन्याला आले नसते. कारखान्यात गेले नसते."

"हो."

"मला ठरवताच येईना," ती म्हणाली, "तुला मारावं का काय करावं." मग वळकटीला दोरी आवळायला तिने मला हात लावू दिला नाही, स्वतःच आवळली.

त्यानंतर आम्ही बोलू लागलो. बेताचं, कामापुरतं, मग हळूहळू जास्त. आत्या कारखान्यात बायांवरची मुकादम झाली. नव्या जालन्यात तिने दोन खोल्या बांधल्या. पुन्हा लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, सवड न्हाई. रुळावरची छोटी गाडी जाऊन ब्रॉडगेजची मोठी गाडी आली. वडील गेले, मेंढरं विकली गेली, गाव माळावर गेलं. मी सुट्टीला तिच्याकडे जायची आणि आम्ही संध्याकाळी अजून चालायला निघायचो. त्या ओळीबद्दल मात्र परत कधी बोलणं निघालं नाही. माझ्या पोटात ती होती. वर्गात मुलांना भाषांतर शिकवताना मी फळ्याकडे तोंड करून उभी राहायची.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. इंग्रजी पत्र आलंय, ये. पत्र मुंबईच्या जहाजाच्या ऑफिसातून आधी जुन्या गावी जाऊन, तिथून माळावर, तिथून फिरत फिरत तिच्याकडे आलं होतं. मी उभ्यानेच त्यावरून नजर फिरवली. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती.

"जसं हाय तसं वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. रंगनाथमामा वारले होते. नोकरीच्या कागदात नातेवाइकाच्या जागी त्यांनी पहिल्या दिवशी आत्याचं नाव लिहिलं होतं आणि ते कधी बदललं नव्हतं. एका परक्या बंदरात, किनाऱ्यावर असताना, छातीत कळ येऊन ते गेले. तिथेच माती दिली. त्यांची एक पेटी ऑफिसात आहे, ती न्यावी.

"किनाऱ्यावर म्हंजी? बोटीच्या बाहीर?"

"हो. बाहेर."

"कुठल्या बेटावर? त्याच?"

हो म्हणणं किती सोपं होतं. "नाही," मी म्हणाले. "नाव दुसरं आहे. बेट आहे की नाही, तेही यात लिहिलेलं नाही."

तिने मान हलवली. पदराने तोंड पुसलं. "उतरला म्हंजी," ती म्हणाली. बऱ्याच वेळाने पुन्हा तेच म्हणाली. मग मला कागद घ्यायला सांगितला आणि उत्तर लिहून घेतलं, की पत्र मिळालं, पेटीतलं सामान तिथल्या ज्या गड्याला लागेल त्याला द्यावं. मी इंग्रजीत लिहिलं, मराठीत वाचून दाखवलं. तिने खाली मराठीत सही केली आणि म्हणाली, एकदा नदीवर जाऊन येऊ.

म्हणून आम्ही आलो होतो. काठाने फिरून आत्या दमली आणि पाण्याजवळच्या एका दगडावर बसली. तिच्या शेजारी जागा होती. मी बसले. समोर पाणी सपाट, राखाडी, पार पलीकडच्या माळापर्यंत. त्याच्याखाली कुठे काय असेल ते आता बोटाने दाखवता येत नव्हतं. वाऱ्याने बारीक लाटा येत होत्या आणि पायाशी फेसाची रेघ सोडून मागे जात होत्या. माझी नजर घड्याळाकडे गेली. परतीची एसटी अर्ध्या तासात होती. बघावं, तर आत्याला घाई नव्हती.

"एक सांगू का," ती म्हणाली. "तू तवा खरं वाचलं असतंस ना, रविवारचं, दुकानाचं, तरीबी मी त्या माणसाला न्हाईच म्हणले असते. मला परतुरात करमलं नसतं. तू उगं इतकी वर्सं मनाला लावून घेऊ नको."

मी तिच्याकडे वळले. हे ती खरं सांगत होती की नुसतं माझ्या समाधानासाठी म्हणत होती, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं असतं. पण तिने तोंड पाण्याकडे केलं होतं, आणि मी विचारलं नाही.